जुन्या संगणकाला हार्ड डिस्क सापडत नाही: मार्गदर्शन हवे आहे

अंगणवेल

नमस्कार. साधारण २००५ सालच्या घडणीचा एक डेस्कटॉप संगणक माझ्याकडे आहे. त्यात ८० जीबीची आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलने जोडायची, जुन्या पद्धतीची) हार्ड डिस्क असून तिच्यावर विंडोज एक्सपी चालते. अलीकडे यंत्र सुरू केले की काळ्या पडद्यावर ‘डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर’ ही ओळ उमटते आणि काम तिथेच अडते. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होऊन यंत्राचे भाग तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये, जाऊन पाहिले असता ‘प्रायमरी मास्टर’ (पहिल्या जोडणीवरील मुख्य डिस्क) या नोंदीपुढे ‘नन’ (काहीच नाही) असे दिसते. मात्र हे दर वेळी घडतेच असे नाही. क्वचित डिस्कचे नाव दिसते, विंडोजही व्यवस्थित सुरू होते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच रड. बायोसमधील तारीख प्रत्येक वेळी १ जानेवारी २००२ वर जाते. ज्या रिबन केबलवर डिस्क आहे तिच्यावरच डीव्हीडी ड्राइव्हही जोडलेला आहे.

डिस्कवर वडिलांनी टंकलेल्या लेखांच्या फायली आणि बरीच छायाचित्रे आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. यंत्र पुन्हा वापरात आले तर आनंदच आहे, पण दोहोंपैकी एक निवडायचे झाले तर मला मजकूर हवा. सुरुवात कोठून करावी?

सावकाश

सर्वांत आधी, डिस्क दिसते का हे पाहण्यासाठी यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करणे थांबवा. डिस्क आजारी असेल तर तिच्यावरचा सर्वाधिक ताण सुरू होतानाच पडतो. ज्या मजकुराची दुसरी प्रत नाही, त्याच्या बाबतीत प्रत्येक वेळी चालू करण्यामागे काही ठरावीक हेतू असावा.

तुम्ही बायोस पाहिले हे फार चांगले केले, कारण ‘हार्ड डिस्क सापडत नाही’ या एकाच वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बायोसला डिस्क दिसते पण विंडोज सुरू होत नाही, ही तक्रार डिस्कवरील मजकुराची, विभागणीची किंवा बूटच्या क्रमाची (यंत्र आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे याची) असते. बायोसलाच डिस्क दिसत नाही, तेव्हा विंडोजचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. त्यामुळे विंडोज नव्याने टाकणे, दुरुस्तीची सीडी चालवणे, चेकडिस्क करणे हे सल्ले तुम्हाला कोणी दिले तर ते बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न वीज, केबल, जंपर (डिस्कच्या पिनांवर बसवायची छोटी टोपी), बायोसच्या सेटिंग्ज किंवा खुद्द डिस्क यांच्यापैकी कशात तरी आहे.

ओळख पटण्याची क्रिया थोडी समजून घेतली तर पुढचे सोपे जाईल. यंत्र सुरू होताच बायोस प्रत्येक आयडीई वाहिनीवर ‘तू कोण आहेस’ अशी विचारणा करणारी आज्ञा पाठवते आणि डिस्कने मॉडेलचे नाव, अनुक्रमांक व क्षमता कळवणे अपेक्षित असते. पण बहुतेक डिस्कच्या फर्मवेअरचा, म्हणजे तिला चालवणाऱ्या आतील प्रोग्रामचा, मोठा भाग तिच्या तबकड्यांवरच एका राखीव पट्ट्यात साठवलेला असतो. तबकड्या पूर्ण वेगाने फिरू लागल्या आणि तो पट्टा वाचता आला, तरच डिस्क नीट उत्तर देऊ शकते. म्हणूनच दोन गोष्टी कळवा. पहिली, सुरू करताना डिस्कचा आवाज कसा येतो. दुसरी, नाव दिसते तेव्हा ते अचूक दिसते की त्यात चुकीची अक्षरे घुसलेली असतात. नाव विद्रूप दिसत असेल तर संशय सरळ केबलवर किंवा वाकलेल्या पिनेवर जातो, कारण डिस्क बोलते आहे पण तिचे बोलणे वाटेत बिघडते आहे.

बिनतारी

तारीख मागे जाते याचा अर्थ मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. हा बहुधा सीआर २०३२ असतो, तीन व्होल्टचा, नाण्यासारखा चपटा. मुख्य वीजजोडणी काढून मगच तो बदला आणि अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा.

सेल संपल्याने केवळ तारीख जाते असे समजून पुष्कळ जण तिकडे दुर्लक्ष करतात, पण त्याच सेलवर बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज तगून असतात. त्या मूळपदावर गेल्या की एखादी वाहिनी बंद होऊ शकते किंवा बूटचा क्रम बदलू शकतो. नव्वदच्या दशकातील बोर्डांवर तर सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे (डिस्कच्या रचनेचे) आकडेच पुसले जात आणि ते डिस्कवरील चिठ्ठी पाहून पुन्हा भरावे लागत. तुमच्या बोर्डावर ती वेळ येणार नाही. सेल बदलल्यावर बायोसमध्ये ‘प्रायमरी मास्टर’ ही नोंद ‘ऑटो’ वर ठेवा, दोन्ही आयडीई वाहिन्या ‘एनेबल्ड’ आहेत याची खात्री करा आणि बदल जतन करून बाहेर पडा.

दुरुस्तीकार

सेल बदलण्यासाठी कॅबिनेट उघडणारच आहात तर केबलचेही पाहून घ्या. ही जागा वरवर साधी वाटते आणि नेमके तिथेच चुकते.

आयडीईच्या सॉकेटला ४० पिना असतात, पण केबलचे दोन प्रकार आहेत, ४० तारांची आणि ८० तारांची. अल्ट्रा एटीए ६६ या आयडीईच्या जलद प्रकारापासून ८० तारांची केबल आली. तिच्यातील जास्तीच्या ४० तारा जमिनीशी (ग्राउंडशी) जोडलेल्या असून शेजारच्या तारांमधील खळबळ शोषून घेण्याचे काम करतात. या केबलची टोके रंगांनी ओळखतात. निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टरला आणि मधले करडे टोक स्लेव्हला, म्हणजे त्याच केबलवरील दुय्यम उपकरणाला, लावायचे असते. काठावरची लाल रेघ पहिल्या पिनेची खूण असते. प्रमाणानुसार केबल ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब असू नये, तरीही तिप्पट घड्या घातलेल्या लांबच लांब केबली मी पाहिल्या आहेत. अशा केबलवर डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही.

जंपर डिस्कच्या मागच्या बाजूला, वीजसॉकेट आणि डेटासॉकेट यांच्या मध्ये असतो. त्याचे मास्टर, स्लेव्ह आणि केबल सिलेक्ट (केबलवरील जागेवरून आपोआप ठरणे) असे पर्याय डिस्कवरील चिठ्ठीवर छापलेले असतात. एका केबलवर दोन मास्टर किंवा दोन स्लेव्ह झाले की दोन्ही उपकरणे एकाच वेळी उत्तर देऊ पाहतात आणि बायोसला काहीच कळत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या पुष्कळ आयडीई डिस्कमध्ये ‘एकटी’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ या स्थिती वेगळ्या आहेत. केबलवर ती एकटीच असेल तर जंपर काढून ठेवावा लागतो. तेव्हा तूर्त डीव्हीडी ड्राइव्ह पूर्णपणे सोडवा, डिस्क काळ्या टोकाला लावा आणि जंपर चिठ्ठीप्रमाणे बसवा.

सॉकेट ओढताना केबलला धरू नका, प्लॅस्टिकच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धरून सरळ मागे ओढा. मग विजेरीच्या प्रकाशात पिनांकडे तिरपे पाहा. विसाव्या क्रमांकाची पिन मुळातच नसते, ती तुटली असे समजू नये. बाकी ३९ पिना दोन सरळ रांगांत ताठ उभ्या दिसल्या पाहिजेत. एखादी आडवी झाली असेल तर यांत्रिक पेन्सिलीचे रिकामे टोक तिच्यावर सरकवून हलक्या हाताने उभी करा. एकदाच करा, कारण तोच धातू पुन्हा वाकवला की पिन मुळापासून तुटते.

अंगणवेल

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेल बदलला, तारीख आता टिकते. डीव्हीडी ड्राइव्ह सोडवला, डिस्क काळ्या टोकाला लावली, जंपर चिठ्ठीप्रमाणे आहे, पिना सरळ आहेत. तरीही थंड यंत्र सुरू केले की बायोसमध्ये ‘नन’ हेच येते. पण एक नवी गोष्ट ध्यानात आली. संदेश आल्यानंतर थोडे थांबून कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबली, की डिस्कचे नाव अचूक अक्षरांत दिसते आणि विंडोज सुरू होते.

आवाजाबद्दल सांगायचे तर थंड सुरुवातीला घरघर हळूहळू चढत जाते, मध्येच थबकते, ‘टक्’ असा एक आवाज येतो, घरघर खाली उतरते आणि पुन्हा चढू लागते. दुसऱ्या चढणीत ती स्थिरावते. त्यानंतर आवाज एकसारखा राहतो, त्यात काही खटखट नाही.

सावकाश

आपण इतके बारकाईने ऐकले याचा मोठा उपयोग झाला. कंट्रोल, ऑल्ट, डिलीटने यंत्र पुन्हा सुरू होते, पण डिस्कची वीज तुटत नाही आणि तबकड्या फिरतच राहतात. म्हणजे बायोसने दुसऱ्यांदा विचारले तेव्हा डिस्क आधीच तयार असते. पहिल्यांदा विचारले तेव्हा मात्र ती अजून वेग पकडण्याच्या धडपडीत असते. एटीएच्या (आयडीईच्या) प्रमाणात डिस्कला तयार होण्यासाठी ३१ सेकंदांपर्यंत मुभा आहे, पण पुष्कळ बायोस तेवढे थांबत नाहीत.

तेव्हा केबल, जंपर आणि सर्किट हे बहुतांशी निर्दोष ठरतात, कारण त्यांच्यात खोट असती तर दुसऱ्यांदाही नाव आले नसते. उरतात दोन संशयित. एक तर डिस्कची मोटर अथवा तिचे बेअरिंग जड झाले आहे, किंवा एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) तिला पुरेशी वीज देत नाही. ८० जीबीच्या काळातील साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या वाहिनीवरून साधारण दोन अँपिअर ओढते आणि एकदा फिरू लागली की त्याच्या काही अंशावर चालते. दमलेला एसएमपीएस नेमका त्या सुरुवातीच्या क्षणी मान टाकतो. बायोसमध्ये ‘क्विक बूट’ बंद करून किंवा डिस्कसाठी विलंब वाढवून लक्षण लपवता येईल, पण त्याआधी कारण शोधलेले बरे.

आपल्याकडे मल्टिमीटर असल्यास चार पिनांच्या एखाद्या मोकळ्या वीजसॉकेटवर मोजा. पिवळी तार १२ व्होल्ट, लाल तार ५ व्होल्ट, दोन्ही काळ्या तारा जमीन (ग्राउंड). दोन्हींना पाच टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५. यंत्र चालू करण्याच्या क्षणापासून आकड्याकडे पाहत राहा. स्थिर झाल्यावरचा आकडा फसवा असतो.

नवाकोरा

माझ्या वाचनात असे आले आहे की अडकलेली डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवली, किंवा बाजूने हलकी टिचकी मारली, तर ती सुरू होते. हे करून पाहण्यासारखे आहे का?

दुरुस्तीकार

कृपया करू नका. फ्रीजरचा उपाय फार जुन्या डिस्कच्या काळात कधीमधी लागू पडला म्हणून तो अजून सांगितला जातो. हार्ड डिस्क सहसा हवाबंद नसते. दाब समान राहावा म्हणून तिला गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते. थंड डिस्क बाहेर काढली की आतल्या तबकड्यांवर दव धरते. हेड, म्हणजे मजकूर वाचणारे टोक, तबकडीपासून काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असते, त्या ठिकाणी पाण्याचा सूक्ष्म थेंबसुद्धा डोंगरासारखा आहे. टिचकीचेही तेच. शिवाय या धाग्यातील डिस्क अडकलेली नाही, ती फिरते आणि वाचतेही. असल्या डिस्कवर असे प्रयोग करणे म्हणजे हातातला मजकूर घालवणे होय.

अंगणवेल

मोजमाप घेतले. लाल तारेवर ५ व्होल्टच्या आसपास आकडा स्थिर आहे. पिवळ्या तारेवर सुरू होताच १०.७ दिसले, ‘टक्’ आवाजाच्या वेळी आकडा वर उसळला, पुन्हा खाली आला आणि मग हळूहळू ११.६ वर जाऊन थांबला. एसएमपीएसच्या जाळीतून विजेरीने पाहिले तर आतील दोन उंच कॅपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली दिसतात आणि एकावर तपकिरी खरपुडी आहे.

सावकाश

मग चोर सापडला असे मानायला हरकत नाही. साधा मल्टिमीटर आकडा सरासरीने दाखवतो, त्यामुळे १०.७ दिसले तर प्रत्यक्षातील घसरण त्याहून खोल असणार. डिस्कला पुरेसा वेग घेता येत नाही, ती हेड मागे घेते, भार कमी होताच व्होल्टेज उसळते आणि ती पुन्हा प्रयत्न करते. आपण ऐकलेला आवाज आणि पाहिलेला आकडा एकमेकांशी तंतोतंत जुळतात. कॅपॅसिटर फुगण्याचा रोग त्या पिढीतील यंत्रांत सर्रास होता. २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष इलेक्ट्रोलाइट (आतील द्रव) असलेले कॅपॅसिटर मोठ्या प्रमाणावर बाजारात आले आणि असंख्य मदरबोर्ड व एसएमपीएस त्यांनी निकामी केले. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या भोवतालच्या कॅपॅसिटरांवरही नजर टाका.

एसएमपीएस स्वतः उघडू नका, त्याच्या आतील मोठे कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून असतात. नवा घेताना त्याचा मुख्य प्लग २० अधिक ४ पिनांचा आहे ना आणि चार पिनांचे जुने सॉकेट त्याला आहेत ना हे पाहा, कारण आजकालच्या एसएमपीएसवर ते कमी असतात.

आणि एक विनंती. नवा एसएमपीएस लागताच डिस्क दिसेल, विंडोज सुरू होईल, आणि त्यात फायली चाळत बसण्याचा मोह होईल. तो टाळा. पहिले काम प्रत काढण्याचे.

बिनतारी

प्रतीसाठी डिस्क त्या यंत्रातून काढून, स्वतंत्र १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी-आयडीई जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावणे मला अधिक सोयीचे वाटते. त्यासाठी एसएमपीएसचीही वाट पाहावी लागत नाही. विंडोजने डिस्क ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करण्याबद्दल विचारले तर नकार द्या.

फायली एकेक उचलण्याऐवजी संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण प्रत, घ्या. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हे साधन याच कामासाठी आहे. ते पहिल्या फेरीत सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारा भाग ओलांडून पुढे जाते आणि कोठे काय राहिले याची नोंद एका वेगळ्या फायलीत ठेवते. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तेथूनच पुढे सुरू करता येते. साधी नक्कल करणारा प्रोग्राम एका वाईट सेक्टरवर (डिस्कवरील मजकुराच्या छोट्या तुकड्यावर) तासन्‌तास डोके आपटत राहतो आणि तेवढ्या वेळात चांगला भागही हातचा जाऊ शकतो. मूळ डिस्क आणि प्रतिमेची जागा यांची नावे आज्ञेत उलटी पडणार नाहीत याची दोनदा खात्री करा. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या, नोंदीही काढून ठेवा.

अंगणवेल

प्रतिमा पूर्ण झाली. एका लहानशा पट्ट्यातील काही सेक्टर पहिल्या फेरीत राहिले होते, ते पुढच्या फेरीत वाचले गेले. वडिलांचे सगळे लेख उघडतात. छायाचित्रेही उघडून पाहिली आणि दोन वेगवेगळ्या डिस्कवर प्रती ठेवल्या. आपण सर्वांनी घाई करू दिली नाही, त्याबद्दल कृतज्ञ आहे.

नवा एसएमपीएस बसवल्यावर थंड सुरुवातीलाही डिस्क दर वेळी दिसते. स्मार्टमध्ये ०५ क्रमांकाची नोंद शून्य आहे, सी५ मध्ये लहान आकडा आहे आणि सी७ मध्ये मात्र बराच मोठा. याचा अर्थ काय? शिवाय या बोर्डावर दोन साटा (आयडीईनंतर आलेल्या, अरुंद केबलच्या जोडणीची) सॉकेट आहेत म्हणून ५०० जीबीची एक साटा डिस्क लावून पाहिली, तर तीही बायोसला दिसत नाही. ती दुसऱ्या यंत्रात उत्तम चालते. बोर्डावरील चिपवर व्हीआयए व्हीटी८२३७ असे लिहिले आहे.

दुरुस्तीकार

०५ म्हणजे बदलून दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचताना अडलेले आणि निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, आणि सी७ म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीची मोजणी. सी७ चा आकडा कधी उतरत नाही, त्यामुळे तो आजही वाढतो आहे का एवढेच पाहायचे. वाढत असेल तर केबल बदला, थांबला असेल तर तो जुना इतिहास आहे. सी५ मुळे मात्र या डिस्कवर यापुढे काही महत्त्वाचे ठेवू नये.

साटा डिस्कचा प्रश्न ओळखीचा आहे. व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिप १.५ गिगाबिट वेगाच्या पहिल्या पिढीतील आहेत. ३ गिगाबिटची डिस्क समोर आली की दोघांनी बोलून कमी वेग ठरवायला हवा, पण या चिपना ते जमत नाही आणि डिस्क अस्तित्वातच नाही असे भासते. सिस या कंपनीच्या काही चिपांमध्येही हेच होते. त्या काळातील अनेक डिस्कच्या मागे वेग १.५ वर बांधणारा जंपर लावण्याची सोय असते. वेस्टर्न डिजिटलमध्ये तो पाचव्या आणि सहाव्या पिनांवर बसतो, इतरांची जागा डिस्कच्या चिठ्ठीवर पाहावी. अगदी नव्या डिस्कमध्ये ही सोय सहसा नसते, तेव्हा पीसीआय साटा कार्डाचा (बोर्डाच्या खाचेत बसवायच्या स्वतंत्र साटा जोडणीचा) आधार घ्यावा लागतो.

त्यापुढे एक पायरी राहील. बायोसच्या पातळीवर डिस्क दिसूनही एक्सपीची स्थापना करताना ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असा संदेश येईल, कारण एक्सपीच्या सीडीत या साटा चिपचा ड्रायव्हर (तिच्याशी बोलण्यासाठी विंडोजला लागणारा प्रोग्राम) नाही. स्थापनेच्या सुरुवातीला एफ६ दाबून फ्लॉपीवरून तो द्यावा लागतो. तसेच एक्सपीची सीडी किमान सर्व्हिस पॅक १ असलेली घ्या. २८ बिटांच्या पत्त्यांमुळे त्याआधीच्या प्रतीला १३७ जीबीच्या पलीकडचे दिसत नाही.

नवाकोरा

याच संदर्भात विचारतो. माझ्या थोड्या नव्या लॅपटॉपचा सेल बदलल्यानंतर बायोसला डिस्क दिसते, पण विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो आणि त्यावर ७बी क्रमांकाची त्रुटी असते. डिस्क गेली का?

बिनतारी

डिस्क गेली नसावी. सेल निघाला तेव्हा साटाची पद्धत मूळपदावर गेली असणार. विंडोज ‘एएचसीआय’ या साटाच्या नव्या पद्धतीत स्थापित केलेले असेल आणि बायोस आता ‘आयडीई’ ही जुनी पद्धत दाखवत असेल, किंवा याच्या उलट असेल, तर विंडोजला सुरुवातीलाच चुकीचा ड्रायव्हर मिळतो आणि ७बी येते. बायोसमध्ये ती नोंद पूर्वीच्या पद्धतीवर न्या. विंडोज पुन्हा टाकू नका.

अंगणवेल

जंपर लावल्यावर ५०० जीबीची डिस्क बायोसच्या पडद्यावर लगेच दिसली. एफ६ च्या पायरीवर फ्लॉपी ड्राइव्ह साथ देईना, म्हणून दुसऱ्या यंत्रातील ड्राइव्ह तात्पुरता जोडला, आणि स्थापना पार पडली. जुनी डिस्क सोडवून, तारीख व ‘सी५ आहे, वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवली आहे. सी७ चा आकडा नव्या केबलवर वाढलेला नाही.